रेघ नसलेली गोळी

कानाच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीला झटक्यात आडवं केलं, तिचं डोकं तपासणीच्या टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतं ठेवलं आणि तिच्या डोळ्यांवर टॉर्च मारून विचारलं, "फिरतंय का आता?"

"नाही," खारू म्हणाली.

त्यांनी डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं. "आणि आता?"

"नाही. पण उठवलंत की येईल."

त्यांनी उठवलं. खारूनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. डॉक्टर मात्र हात पुसत होते.

"कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले.

"मग चक्कर कशानं येते?" मी विचारलं.

"ते कानाचं नाही," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तीन तास बाकड्यावर बसून आम्ही एवढंच मिळवलं की आमची चक्कर त्यांच्या खात्यातली नाही. कोणाच्या खात्यातली आहे हे सांगायचं काम बहुधा तिसऱ्याच कोणाच्या खात्यात असावं.

बाहेर आल्यावर खारू जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. हीच पोरगी, लहानपणी दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी पाय लावून वरपर्यंत जायची, म्हणून तर तिला घरात खारूताई म्हणायला लागलो आणि पुढे नुसतीच खारू राहिली. आता चोवीस वर्षांची आहे. वीज खात्यात लाईनमनच्या प्रशिक्षणाला लागली आहे. वीस जणांच्या तुकडीत तीन मुली, त्यातली ही एक. शनिवारी सकाळी दहाला तिची चढाईची परीक्षा होती. तीस फुटी खांबावर पट्टा बांधून चढायचं, वरचा चिनी मातीचा इन्सुलेटर बदलायचा, उतरायचं. पास झाली तर कायम नोकरी आणि लाईनवर नेमणूक. परीक्षा हुकली तर सहा महिने भांडारात बसून नटबोल्ट मोजायचे आणि पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा सुरुवात करायची.

त्या दिवशी सोमवार होता, आणि माझी मुलगी दवाखान्याचा जिना उतरताना कठडा सोडत नव्हती.

"बाबा, घाई करू नका," ती म्हणाली. "मी येतेय."

मी घाई करत नव्हतो. मी चिडलो होतो. तीन आठवडे हेच चाललं होतं. पहिल्या आठवड्यात मी मोबाईलला दोष दिला. दुसऱ्या आठवड्यात मानेला, कारण दिवसभर मान वर करून खांब बघायचे म्हणजे शिरा आखडणारच. मग चष्म्याच्या दुकानात नेलं, नजर चोख निघाली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं निघालं. तरी मी लोहाचं टॉनिक सुरू केलं, कारण काहीतरी सुरू केल्याशिवाय मला चैन पडत नाही. चाळीस वर्षं मी कंपाउंडर होतो. एकाच डॉक्टरांकडे, एकाच खिडकीत. डॉक्टरसाहेब गेले तेव्हा त्यांचा दवाखाना बंद झाला आणि माझी खिडकीही.

हल्लीच्या लोकांना कंपाउंडर म्हणजे काय ते सांगावं लागतं. डॉक्टर लिहायचे आणि आम्ही औषध बनवायचो. मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, गोळ्या कापायच्या, खलायच्या, पुड्या बांधायच्या. साहेब म्हणायचे, "अंगाला औषधाची ओळख हळूहळू करून द्यावी." म्हणून जड गोळी असली की आम्ही ती दोन वेळांत वाटून द्यायचो. माझ्या हातचे दोन अर्धे तुकडे तराजूच्या दोन पारड्यांत घातले तर काटा हलायचा नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडं बढाई म्हणूनही सांगतो.

घरात औषध हे माझं खातं. बायकोचं ब्लडप्रेशर असो की शेजारणीचा खोकला, गोळ्या माझ्याकडे येतात आणि पुड्या होऊन जातात. पुडीवर शाईनं 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' लिहिलेलं असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची कोणाला गरज पडत नाही, कारण ती मी वाचलेली असतात.

खारूचं औषधही माझ्याकडेच होतं. गेल्या वर्षी ही पोरगी मिटत गेली. आधी हसणं गेलं, मग जेवण, मग आंघोळ. एकदा तिच्या आईनं तिला न्हाणीघराच्या फरशीवर बसलेलं पाहिलं, नळ उघडा, कपडे अंगावर, आणि ती पाण्याकडे बघतेय. मी तेव्हा फार घाबरलो. इतका की आरडाओरडा केला, कारण मला घाबरल्यावर दुसरं काही सुचत नाही. तिची आईच तिला मनाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत ती उठून केस विंचरू लागली, चार महिन्यांत प्रशिक्षणाला जाऊ लागली. अजून पूर्वीची खारू नव्हती, पण सकाळी उठत होती. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरबाईंना शंभर नमस्कार केले. तोंडानं एकही केला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरबाईंनी डोस वाढवला. वाढवला म्हणजे एकदम दुप्पट. पहिली छोटीशी कॅप्सूल गेली आणि बोराएवढी गुळगुळीत गोळी आली, सकाळी एक. मी चिठ्ठी वाचली आणि माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. चोवीस वर्षांची किडकिडीत मुलगी, तिच्या अंगात सकाळी सकाळी एकदम दुप्पट माल ओतायचा! मी तेच केलं जे साहेबांनी केलं असतं. गोळी मधोमध कापली. अर्धी सकाळी आठला, अर्धी संध्याकाळी आठला. दिवसाचा डोस तेवढाच, फक्त दोन भागांत. डॉक्टरबाईंचा शब्दही मोडला नाही आणि पोरीच्या अंगाचीही काळजी घेतली. त्या गोळीला मधे रेघ नव्हती. कापायच्या गोळीला कंपनी रेघ पाडून देते, हिला नव्हती, आणि वरचं आवरणही चिवट होतं. तरी मी पात्याच्या एका दाबात दोन सारखे तुकडे केले. हात अजून गेलेला नाही, असं बायकोला म्हणालोही.

"दाखवायचं कोणाला आहे?" ती म्हणाली.

तर त्या सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडून घरी आलो आणि बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"कान ठणठणीत आहेत म्हणाले."

"मग आता त्या बाईंकडे जा. डोस वाढवल्यापासूनच हे सुरू झालंय. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

खरं तर ती सांगत होती. पण मला त्या गोळीवर आळ यायला नको होता. गोळीवर आळ आला असता तर डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली असती, आणि गोळी बंद झाली असती तर मला पुन्हा ते न्हाणीघर दिसत होतं. चक्कर परवडली, ते नको. म्हणून मी मान, डोळे, कान, रक्त असा सगळा गाव हिंडून आलो होतो आणि जिथे जायला हवं होतं त्या दारावरून रोज पुढे जात होतो.

मंगळवारी गेलो. इथेही बाकडं होतंच. नंबर पुकारायला माणूस नव्हता, भिंतीवरचं यंत्र पुकारत होतं, आणि तेही नाव न घेता. खारू माझ्या शेजारी दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती. सव्वादहा वाजले होते.

"आत्ता येतेय का?" मी विचारलं.

"बसल्यावर नाही. उठले की येईल."

"शनिवारी दहाला तर..."

"मला माहितीये शनिवारी दहाला काय आहे, बाबा."

डॉक्टरबाई तरुण होत्या, फार तर पस्तिशीच्या. त्यांनी संगणकाकडे पाहत आमचं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची वळवून खारूकडे तोंड केलं. "चक्कर म्हणजे नक्की काय होतं? खोली फिरते? की डोळ्यांपुढे अंधारी येते? की पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं?"

मी म्हणालो, "अहो, चक्कर म्हणजे चक्कर. गरगरतं तिला."

"काका, तिला बोलू द्या."

हे 'काका' मला फार लागतं.

"दोन प्रकारचं होतं," खारू म्हणाली. "सकाळी दहा-साडेदहाला अंधारी येते. उभं राहिलं की. खोली फिरत नाही. आणि संध्याकाळी सहा-सातला वेगळंच होतं. डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखं चर्रकन होतं. मला करंट कसा लागतो ते माहितीये. ट्रेनिंगमध्ये एकदा लागलाय. अगदी तसंच."

"हे संध्याकाळचं तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही फक्त 'आली का, आली का' विचारता."

डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर आडवं केलं, पाच मिनिटं तशीच ठेवली आणि मग ब्लडप्रेशर घेतलं. एकशे अठरा. मग उभं केलं, एका मिनिटानं घेतलं, तीन मिनिटांनी पुन्हा घेतलं. अठ्ठ्याण्णव. नाडी धावत होती. कधी पडलीस का, छातीत धडधडतं का, पाणी किती पितेस, सर्दीचं काही औषध घेतलंस का, पाळी वेळेवर येते का, एकेक विचारत गेल्या. मला आतून कबूल करावं लागलं की बाई नीट काम करतायत. आमचे साहेब असंच विचारायचे. फक्त ते माझ्यासमोर विचारायचे.

कारण पुढे बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता का? मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"मी कंपाउंडर आहे," मी म्हणालो. "चाळीस वर्षं. मला यातलं कळतं."

"म्हणूनच तुम्हाला हेही कळेल," त्या शांतपणे म्हणाल्या.

बाहेर बसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझी मुलगी, मी आणलेली, माझ्या हातचं औषध घेणारी, आणि मीच बाहेर! पण थोड्या वेळानं राग जरा उतरला आणि मग कळलं की बाई आत काय विचारत असतील. डोस वाढवल्यावर तरुण पोरांच्या डोक्यात कधी कधी भलतेसलते विचार येतात, ते त्या विचारत असणार. मरावंसं वाटतं का, असं. आणि तो प्रश्न मी इतक्या महिन्यांत एकदाही विचारला नव्हता, कारण मला उत्तराची भीती वाटत होती. बंद दाराकडे बघत बसलो. भिंतीवरचं यंत्र दुसऱ्यांचे नंबर पुकारत राहिलं.

दार उघडलं. खारूचे डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा होता. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तसलं काही नाही. ते विचारणं गरजेचं होतं. आता मला एक सांगा, गोळी चुकते का हिची? मधेच एखाद्या दिवशी?"

"एकही नाही," मी छाती काढून म्हणालो. "वेळेवर. मिनिटाचा फरक नाही."

"किती वाजता?"

"आठ आणि आठ," खारू म्हणाली.

बाईंचा हात थांबला. "आठ आणि आठ? मी तर सकाळी एकच दिली होती."

"एकच आहे," खारू म्हणाली. "अर्धी अर्धी. बाबा पुड्या करून देतात." तिनं पर्स उघडली. आज घरी परतायला उशीर झाला तर असावी म्हणून मी संध्याकाळची पुडी सोबत दिली होती. तिनं ती टेबलावर उलगडली. पांढऱ्या कागदावर माझ्या अक्षरात 'संध्याकाळ', आणि वर अर्धी गोळी. कड अशी सरळ, की मला त्या क्षणीही बरं वाटलं.

बाईंनी ती अर्धी गोळी चिमटीत धरून उजेडात पाहिली. मी समजावून सांगू लागलो. "डोस तेवढाच आहे, बाई. एकदम दुप्पट नको म्हणून दोन भागांत दिला. आमचे साहेब नेहमी..."

"काका," त्या म्हणाल्या, "ही गोळी कापायची नसते."

"का नसते? गोळी ती गोळी."

"ही दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी आहे. वरचं आवरण त्यासाठीच असतं. कापलं की ते आवरण फुटतं आणि तुकड्यातलं औषध दोन-तीन तासांत एकदम अंगात उतरतं. दहा वाजता ब्लडप्रेशर खाली, अंधारी. आणि संध्याकाळपर्यंत अंगात काही शिल्लकच राहत नाही, मग औषध अचानक सोडल्यावर होतं तसं होतं. करंट लागल्यासारखं. दिवसातून दोनदा चढ आणि दोनदा उतार, त्यातले रात्रीचे झोपेत निघून जातात, असं तीन आठवडे चाललंय हिचं."

"असं कुठे लिहिलंय?" माझा आवाज चढला. "मी चिठ्ठी वाचलीय. शब्दन् शब्द वाचलाय."

त्यांनी खारूच्या फायलीतून तीच चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. औषधाचं नाव, डोस, वेळ. आणि अगदी खाली, छापील ओळ. 'गोळी न तोडता, न चावता, पाण्याबरोबर अख्खी गिळावी.'

आमच्या साहेबांच्या चिठ्ठीच्या तळालाही एक छापील ओळ असायची. 'पुढील वेळी येताना हा कागद आणावा.' चाळीस वर्षं तीच ओळ. म्हणून मी चिठ्ठीचा तळ वाचतच नाही. कधीच वाचत नाही. तिथे वाचण्यासारखं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मी तोंडीही सांगितलं होतं," बाई खारूला म्हणाल्या.

"माझं तेव्हा लक्ष नव्हतं," खारू म्हणाली.

कोणी मला चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी एवढी लाज वाटली नसती. रेघ नव्हती. गोळीला रेघ नव्हती, हे मी पाहिलं होतं, हाताला आवरण चिवट लागलं होतं, आणि मी काय केलं, तर स्वतःवर खूश झालो.

"बहुतेक कारण हेच आहे," बाई म्हणाल्या. "तरी मी खात्री केल्याशिवाय बोलणार नाही. रक्तातलं मीठ तपासू, हृदयाचा आलेख काढू. उद्यापासून सकाळी अख्खी गोळी. आज संध्याकाळी ही पुडी घेऊ नकोस, काय करायचं ते मी लिहून देते. आठवड्यानं मला भेट. पडलीस, भोवळ येऊन बेशुद्ध झालीस, छातीत धडधडलं, तर थांबायचं नाही, सरळ यायचं. आणि दोन आठवडे उंचीवर चढायचं नाही."

"शनिवारी माझी परीक्षा आहे," खारू म्हणाली.

"मी दाखला देते. आजाराचं नाव लिहिणार नाही."

"दाखल्यानं परीक्षा पुढे जात नाही, डॉक्टर. सहा महिने जातात."

बाईंनी दाखला लिहून तिच्यापुढे ठेवला.

घरी जाताना बसमध्ये खारू खिडकीशी बसली. दोन थांबे गेले. मग ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं कापायला?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"सगळे सगळं माझ्यासाठीच करतात." तिचा आवाज बारीक होता, पण पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. "मला विचारायचं तरी! चोवीस वर्षांची आहे मी. माझ्या तोंडात काय जातं ते मला माहीत नको?"

मी म्हणालो, "चूक झाली." हे दोन शब्द मी याआधी कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. ते बसच्या आवाजात तिला ऐकू गेले की नाही, तेही मला कळलं नाही, आणि पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती फक्त उठली, गोळ्यांचं पाकीट कपाटातून काढलं आणि खारूच्या उशाशी नेऊन ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी खारूनं माझ्यासमोर अख्खी गोळी गिळली. बुधवारी दहाला अंधारी आली, पण उभी राहिली. रक्त आणि आलेख ठीक निघाले. गुरुवारी अंधारी कमी. शुक्रवारी संध्याकाळी मी दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, वाचत नव्हतो, आणि ती येऊन समोर उभी राहिली.

"आज एकदाही आली नाही," ती म्हणाली. "सकाळीपण नाही, आत्तापण नाही."

"छान."

"उद्या चढू का?"

मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी मला ती दिसली, चौकटीवर पाय रोवून वर जाणारी.

"डॉक्टरबाईंनी दोन आठवडे सांगितलेत," मी म्हणालो.

"ते मला माहितीये. मी तुम्हाला विचारतेय. तुम्ही चाळीस वर्षं पेशंट पाहिलेत. मी ठीक दिसतेय की नाही?"

ती ठीक दिसत होती. एक 'हो' म्हटलं की सहा महिने वाचत होते. माझ्यामुळे गेलेले सहा महिने मीच परत देऊ शकत होतो. साहेबांच्या खिडकीत मी असे किती 'हो' दिले असतील. होईल बरं, काही नाही, जा कामावर. लोक जायचे, आणि बहुतेक वेळा खरंच काही व्हायचं नाही.

"नको," मी म्हणालो.

"का?"

"तीन दिवसांत कळत नाही. वर गेल्यावर आली तर? बाईंनी दोन आठवडे लिहिलेत, तर दोन आठवडे."

"कापताना नाही वाचलंत बाई काय लिहितात ते!" ती म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं नाही. नुसतं लावलं.

शनिवारी ती आठला बाहेर पडली. दाखला टेबलावर नव्हता, पण तिनं तो घेतला होता की फाडला होता, हे मला माहीत नव्हतं. नऊ वाजेपर्यंत मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, जा एकदाचे. फरशी झिजेल."

वाटेत मी परीक्षा घेणाऱ्या साहेबांसाठी भाषण तयार केलं. साहेब, या मुलीची काहीही चूक नाही. तिच्या औषधात मी ढवळाढवळ केली. मी म्हातारा आहे, मला शिक्षा द्या, तिचे सहा महिने घेऊ नका. इतकं घोकलं की माझंच मला रडू यायला लागलं.

मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि आत एका ओळीत चार खांब. एकावर कोणीतरी चढलेलं होतं. पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, पाठ माझ्याकडे. उंची खारूएवढीच. मी कुंपणाची तार धरली. ती असेल तर ओरडायचं नाही, असं स्वतःला बजावलं. ओरडलो आणि ती दचकली तर? घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी त्या हेल्मेटकडे बघत राहिलो. मग वरच्यानं तोंड वळवलं. मिशा होत्या.

खारू खाली होती. खांबाच्या बुंध्याशी, हेल्मेट घालून, हातात दोर घेऊन. वर चढलेल्याला लागणारी अवजारं पिशवीत घालून वर पाठवायचं काम तिला दिलं होतं.

मी फाटकातून आत गेलो. हातात घड्याळ धरून उभे असलेले परीक्षेचे साहेब माझ्याकडे वळले. "कोण पाहिजे?"

मी तोंड उघडलं. सगळं भाषण ओठांवर होतं. खारूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडीशी, दुसऱ्या कोणाला कळणार नाही एवढीशी मान हलवली. नको. आणि मग मला समजलं. मी बोललो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, कसलं औषध? मनाचं म्हटलं की तिला पुन्हा खांबावर कोण चढू देणार? तिनं दाखला पुढे केला होता आणि त्यावर कुठल्याही आजाराचं नाव नव्हतं. तिनं सगळं 'तब्येत' या एका शब्दात संपवलं होतं आणि तो शब्द फक्त तिचा होता. माझ्या चुकीला तिथे जागा नव्हती.

"माझे बाबा आहेत, सर," ती म्हणाली. "कंपाउंडर आहेत."

"अच्छा," साहेब म्हणाले. "तब्येतीचं काही काळजीचं नाही ना हिच्या? म्हणते, दोन आठवड्यांत ठीक होईल. चांगली चढते. पुढच्या तुकडीत बघू."

"हो," मी म्हणालो. "मी सहज आलो होतो."

"बसा ना तिकडे सावलीत."

मी सावलीत गेलो नाही. जिथे होतो तिथेच उभा राहिलो. वरून हाक आली, "पाना!" खारूनं पिशवीत पाना आणि पक्कड टाकली, दोराला गाठ मारली, ओढून पाहिली आणि दोर सोडला. पिशवी हेलकावे खात वर गेली. ती मान मागे टाकून वर बघत राहिली. बघताना तिचा डावा हात खांबाला टेकलेला होता. आधारासाठी होता की नुसताच होता, हे मला तिथून कळलं नाही. वरचा माणूस उतरेपर्यंत तिनं तो काढला नाही.